काटाघरातली तिपाई

काटाघरात बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ट्रक काट्यावर चढतो, वजनाची पावती निघेपर्यंत ड्रायव्हर खिडकीशी उभा राहतो, आणि उभा माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. इकडे हिंदी मुलखात, उरला औद्योगिक वसाहतीतल्या सळया लाटणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये मी एकोणीस वर्षं पावत्या फाडतोय. पण एक लंगडी बेडकी पाळल्यापासून जेवढा मूर्खपणा आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आला, तेवढा आधी कधी आला नव्हता!

बेडकी साधीच. मातकट, अंगभर फोड, तोंडावर कायम नाराजी. गेल्या पावसाळ्यात काट्याच्या लोखंडी प्लेटच्या फटीत बसली होती. भरलेला ट्रक चढला, प्लेट हलली आणि तिचा पुढचा डावा पाय गेला. मी तिला केबिनमध्ये आणलं, जुन्या कूलरची वाळ्याची खस ओली करून ट्रेमध्ये अंथरली, बशीत पाणी ठेवलं. एवढंच माझं पाप.

पहिला आला आमच्या डिस्पॅचचा वानखेडे. मूळचा वर्ध्याचा. "हात नोको लावू बे, चामखीळ येते!" म्हणत लांब उभा राहिला आणि लांबूनच तिचं 'तिपाई' असं नाव ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या पोळीचे बारीक तुकडे करून त्यानं तिच्यापुढे मांडले. अर्धा तास झाला, ती ढिम्म.

"काहून खाऊन नाही राहिली?"

मी सांगितलं, बेडकाच्या लेखी जे हलत नाही ते जेवणच नाही. त्यातून हिला एक पाय कमी, झडप घातली की तोंडावर आपटते. म्हणून झुरळ चिमट्यात धरून तिच्या तोंडासमोर नाचवावं लागतं. वानखेडेनं चिमटा घेतला, त्यात पोळीचा तुकडा धरला आणि पंधरा मिनिटं नाचवला! तिपाईनं शेवटी तोंड फिरवलं.

"लय नखरे आहे पोट्टीचे!"

मग जखम चिघळली. तिला बिस्किटांच्या डब्यात घालून शहरात पंडरी भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. शेजारी एक बाई पांढरं कुत्रं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डब्यात काय आहे ते कळल्यावर त्यांनी कुत्र्याचे डोळे झाकले!

डॉक्टरनी विचारलं, "वजन कितना है?"

रोज चाळीस-चाळीस टनांचे ट्रक तोलणारा मी म्हणालो, "साहब, हमारा कांटा दस किलो से नीचे देखता ही नहीं."

शेवटी समोरच्या सोनारानं तोलून दिली. त्यानंतर त्यानं काटा गंगाजलानं पुसला, धूप दाखवला. पाटलीतलं सोनं मारताना त्याला कधी धूप लागला नसेल.

यंदा पाऊस लांबला, तेव्हा मागच्या वस्तीतल्या बायका पावसासाठी मेंढक-मेंढकीचं, म्हणजे बेडूक-बेडकीचं लग्न लावायला निघाल्या. ढोलक तयार, हळद कालवलेली, नवरा सापडलेला, नवरी हवी. "बाबू, अपनी मेंढकी दे दो, शाम को वापस." मी ट्रे पुढे केला. म्होरक्या बाईनं वाकून पाहिलं, पाय मोजले.

"ये तो लंगड़ी है! लंगड़ी दुल्हन से पानी नहीं गिरता."

नवरदेव कुणाच्या तरी मोरीतला, पण त्याला पाय चार! माणसांच्या लग्नात दारुडा नवरा पोरीच्या गळ्यात बांधताना कोणी एवढं वाकून पाहत नाही. त्यांनी चार पायांची नवरी शोधली, लग्न वाजलं-गाजलं. पुढचे पंधरा दिवस पाऊस फिरकला नाही.

त्यानंतर मिलचे मालक, शेठजी. कोणीतरी तिपाईचा व्हिडिओ काढला, तो शेठजींच्या नातीनं पाहिला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शेठजींचे बूट माझ्या केबिनमध्ये आले. नातीनं फोटो काढले. शेठजींचे डोळे खरोखर भरून आले.

"बेचारी! इसका पूरा ध्यान रखना. कंपनी एक परिवार है."

त्याच महिन्यात रोलच्या यंत्रात आमच्या परसरामची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. सतरा वर्षं रोलवर काम केलेला कारागीर! त्याला सांगितलं, गावी जा, आराम कर, कुठे बोलू नको. परत आला तेव्हा हातात झाडू दिला आणि गेटवरची पाटी. 'बिना दुर्घटना के दिन' अशी ती पाटी, तिच्यावरच्या टिनाच्या आकड्यांच्या पट्ट्या रोज सकाळी बदलायच्या. त्याची बोटं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आकडा एकानं वाढलाच होता. परिवार म्हणे! हे सगळं मला शेठजींच्या तोंडावर बोलायचं होतं. मी "हव, शेठजी" म्हणालो. माझ्यासारखे लोक असले की असले परिवार बिनबोभाट चालतात.

परसराम रोज झाडताना माचिसच्या डबीत झुरळं आणायचा. त्याला चिमटा धरता यायचा नाही, म्हणून उरलेल्या तीन बोटांतच झुरळ नाचवायचा. त्याच्या हातचं तिपाईनं कधी नाकारलं नाही.

गेल्या आठवड्यात आमचा माल घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. सकाळीच आमचे सेफ्टी साहेब केबिनमध्ये धडकले.

"ये मेंढकी हटाओ! मैडम ने पूछा टांग कहां गई, तो?"

"साहब, मेंढकी की टांग कौन पूछता है?"

"कैंपस में गई है ना? दीवार के बाहर फेंको!"

भिंतीबाहेर ट्रकांचा रस्ता. तीन पायांवर ती तिथं तासभरही जगली नसती. परसराम झाडू घेऊन दारात उभा होता, सगळं ऐकत. साहेब वळताच मी ट्रे टेबलाखाली सरकवला आणि थोड्या वेळानं त्यांना सांगून आलो, "फेंक दी."

दहाला मॅडमची गाडी गेटात शिरली. साहेब बुके घेऊन पुढे, आम्ही मागे ओळीनं. परसराम स्टुलावर चढून पाटी बदलत होता. त्यानं चारशेच्या वरचा तो आकडा, तिन्ही पट्ट्या, एकेक करून काढला आणि एकच शून्य लावलं.

"अरे, ये क्या कर रहा है?" साहेब ओरडले.

मॅडमनी गॉगल काढला. आधी पाटीकडे पाहिलं, मग पट्टी धरलेल्या हाताकडे. "एक्सीडेंट हुआ है? किसका?"

परसराम स्टुलावरून उतरला नाही. शून्याची पट्टी त्यानं तीन बोटांनी नीट दाबून बसवली.

"मेंढकी का, मैडम. एक टांग गई है. कांटाघर में टेबल के नीचे बैठी है, देख लीजिए."