तळमजल्यावरच्या काकांचे बेडूक

माणसांपेक्षा बेडकांना जास्त ओळखणारा गृहस्थ अख्ख्या मुलुंडात एकच, आणि तो आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतो. काका मूळचे मालवणकडचे, गिरणी कामगाराचे चिरंजीव, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची नोकरीतली सवय त्यांनी पुढे कंपाउंडमागच्या डबक्याला लावली. संध्याकाळी खिडकीशी बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून शिकवायचे. ओरडतो तो नर, तोही तोंड मिटून, गळा फुगवून. मादी नुसतं ऐकून पसंती करते. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो. घास गिळताना तो डोळे आत ओढून घास खाली ढकलतो, हे तर त्यांनी काकूंच्या हळदीकुंकवात स्वतःच्या तोंडात तिळाचा लाडू धरून बायकांना करून दाखवलं. नंतर लाडवाला कोणी हात लावेना. त्यांचा सगळ्यात लाडका बेडूक मात्र अंगठ्याच्या नखाएवढा, बारीक किरकिऱ्या आवाजाचा. त्याचं कौतुक नातवासारखं.

डासांच्या भीतीने सोसायटीला ते डबकं बुजवायचं होतं. बेडूक आहेत तोवर हात लावू देणार नाही, म्हणून काका तीन वर्षं कमिटीशी भांडले. आणि यंदा श्रावणात त्यांनीच लिहून दिलं की मोठे बेडूक आधीच गेले होते, आता लहानही गेले, खुशाल बुजवा. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, हे धड जेवतही नाहीत.

मी त्याच संध्याकाळी गेलो. खिडकी सताड उघडी, बाहेर बारक्या बेडकांनी नुसता उच्छाद मांडलेला. काका म्हणाले, बघ, कसं चिडीचूप झालंय. बेडूक कुठेच गेले नव्हते. म्हाताऱ्या कानांना बारीक आवाज ऐकू येईनासा झाला होता, एवढंच. हे सांगायचं कोणी? गप्प बसावं तर रविवारच्या मीटिंगमध्ये डबकं बुजवायचं ठरणार. चहा गार होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी म्हटलं, "काका, ते ओरडतायत. आत्ता. मला ऐकू येतंय."

त्यांनी खिडकीबाहेर वाकून कान दिला. आपण या माणसाचं सगळं काढून घेतलं, असं मला वाटलं. मग आमच्याशी कधी न बोललेल्या मालवणीत त्यांनी हळूच विचारलं, "आसत मां ते?" आहेत, म्हणून मी मान हलवली. "मगे बरां झाला," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

रविवारी मीटिंगमध्ये काका उभे राहिले. त्या संध्याकाळनंतर कानातला बिघाड त्यांनी काकूंनाही कळू दिला नव्हता. "माझं पत्र परत द्या," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "बेडूक आहेत. बहिरा मी झालोय." सेक्रेटरीने पत्र परत केलं.

आता संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसतो. ते मधूनच माझ्याकडे बघतात, मी मान हलवतो, आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघतात.