सविताने वह्या परत दिल्या

मंडळी, आज वाणगावजवळच्या पाड्यावरून आलेय आणि काहीच सुचत नाहीये.

आपला ग्रुप जिच्या शिक्षणाचा खर्च करतो, ती नववीतली सविता. आईवडील नाहीत, आजीकडे राहते. नव्या वह्या घेऊन गेले, तर ती आजीला भात भरवत होती. आजीला अर्धांगवायू झालाय. महिनाभर सविता शाळेत गेलेलीच नाही.

तिने वह्या माझ्या हातात परत ठेवल्या. "ताई, दुसऱ्या कोनाला द्या. मी शालेत गेली तर आजीला कोन बघंल? दुसरं कोनच नाय."

"काहीतरी करू," मी म्हणाले. ती आजीला पुढचा घास भरवू लागली.

आपण फी भरली, गणवेश शिवले. आजीजवळ बसायला माणूस कुठून आणायचा? खरंच, सांगा.