दिवाणखान्यातली अर्धी चीज

आमच्या शाळेच्या ऑफिसात कोणी शिंकलं आणि दुसरं कोणी "झालं, आता काम होत नाही" म्हणालं, की मी खिडकी लावून घ्यायला सांगते. धूळ येते म्हणून शिंक येते. मासिकाच्या या सदरातले न उलगडणारे अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, या बाईंनी आधी डॉक्टरला का नाही दाखवलं? तेव्हा आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर ओळखीच्यांना हसू येईल. येऊ दे. जे झालं ते भर दुपारी झालं, माझ्यासमोर झालं, आणि कारणं शोधायची म्हणून जेवढी शोधता येतील तेवढी मी शोधून पाहिली आहेत.

मुलुंडला स्टेशनवरून पाच रस्त्याच्या नाक्याकडे येताना डाव्या हाताला माझ्या सासऱ्यांचं बैठं कौलारू घर आहे. पुढे ओटा, मग दिवाणखाना, त्याला लागून एक लहान खोली, मागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी परसाकडे उघडणारी एक खोली. सासरे, म्हणजे अप्पा, वारले तोवर आम्ही जवळच नव्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो होतो. जुन्या घरात उरल्या एकट्या वन्सं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्ष-दीड वर्षात कपाळ पुसून माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. अप्पांचं पथ्य, सासूबाईंचं अंथरूण, माझी बाळंतपणं... सगळं त्यांनी निस्तरलं. घर मात्र अप्पांनी मुलाच्या नावे केलं. वन्संचं नाव त्या कागदावर कुठेही नव्हतं.

मग आमच्या ह्यांच्या मनात आलं की घर वस्तीतल्या लोकांसाठी द्यावं. गाणं, नाच, चित्रकला, नाटकाच्या तालमी यांसाठी एक कलाकेंद्र करावं आणि दारावर संगमरवरी पाटी लावावी — अप्पांच्या स्मरणार्थ. कल्पना चांगलीच होती. मुलींना शिकायला जागाच नव्हती. कमिटी झाली, पेन्शनीतले भाऊसाहेब अध्यक्ष झाले आणि कामं करायला कोणीतरी हवं म्हणून मी चिटणीस झाले. वन्संची मागची खोली त्यांना तहहयात राहील, असं ह्यांनी कमिटीपुढे सांगितलं.

"लेखी घ्या," मी म्हटलं.

"घरच्या घरात कसलं लेखी? तू म्हणजे ना, जेवायला बसलेल्या माणसाचीही पोच घेशील!" हे म्हणाले. सगळे हसले. वन्सं सगळ्यांना चहा देत होत्या, त्याही हसल्या.

दिवाणखाना आणि लहान खोली यांच्यामधली भिंत पाडून एक मोठा हॉल केला. एका टोकाला लाकडी स्टेज. सतरंज्या, समई, नाचासाठी आरसा, पाण्याचं पिंप, स्टेजचा पडदा... एकेक करून माझ्या यादीतलं सगळं मार्गी लागत होतं. उद्‍घाटनासाठी मुलींचं स्वागतगीत ठरलं. ते बसवायला बापटमास्तर पेटी घेऊन आले. आणि तिथून सुरुवात झाली.

पहिल्या तालमीला मी सतरंजीची शिवण बघत कोपऱ्यात बसले होते. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की पेटी एका बाजूला गेली आणि मुली दुसऱ्या. पहिलं कडवं ठीक झालं. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून पट्टी सोडली, आवाज खाली उतरला, शब्द गेले आणि नुसत्या आकारात त्या काहीतरी वेगळंच गाऊ लागल्या. संथ, वळणं घेत जाणारं. एक बेसूर झाली तर समजू शकते, पण सगळ्या एकदम, एकाच चालीत? मग एका जागी सगळ्या थांबल्या. कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तशा.

"काय गं, कोणी शिकवलं हे?" मास्तर ओरडले.

"तुम्हीच ना!" निर्मला म्हणाली. ती सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत आगाऊ. "आम्ही तुमचंच म्हणत होतो, मास्तर."

मुलींना काही वेगळं झाल्याचं माहीतच नव्हतं. मास्तरांनी पुन्हा म्हणून घेतलं. पुन्हा तेच, आणि थांबल्या त्याच जागी.

मी काय करते, कारणं एकेक करून खोडते. पेटी दुसरी आणवली. मुलींना परसात आंब्याखाली उभं करून म्हणायला लावलं तर गाणं सुतासारखं सरळ. शाळेच्या वर्गातही सरळ. हॉलमध्ये आलं की दुसऱ्या कडव्याला वाट लागली. नवीन भिंतीचा ओलावा असेल, आवाज घुमत असेल, म्हणून सतरंज्या टांगून पाहिल्या. मुलींची चेष्टा असेल म्हणून निर्मलाला घरी बसवलं. काही फरक पडला नाही. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, "ऐका, मी म्हणतो," आणि पेटी ओढून स्वतः गायला लागले. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज घसरला. बोटं पेटीवर स्वागतगीत वाजवत होती आणि गळा ते दुसरंच काहीतरी गात होता. मुली जिथे थांबायच्या तिथेच तेही थांबले. मग त्यांनी भाता मिटला आणि बराच वेळ पाणी प्यायले.

"चिटणीसबाई, ही बसवलेली चीज आहे," ते मला हळूच म्हणाले. "चांगल्या गवयानं शिकवलेली. पण अर्धी. अंतऱ्यात मध्येच तुटते. मी आजवर ऐकलेली नाही... मग माझ्या गळ्यात आली कुठून?"

वन्संवर माझा संशय नव्हता. एक तर त्या वेळी त्या चुलत भावाच्या सुनेच्या बाळंतपणाला ठाण्याला गेल्या होत्या. दुसरं म्हणजे, मी या घरात आल्यापासून त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलेलं नाही. आरतीलाही त्या नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

त्या परत आल्यावर मी जेवता जेवता गंमत म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास पानात ठेवला.

"मध्येच थांबतात?"

"हो. आणि सगळ्या एकदम."

"मला ऐकव."

"मला कुठे येतं वन्सं? उद्या तालमीला या."

दुसऱ्या दिवशी उद्‍घाटनाची तयारी बघायला भाऊसाहेब आणि हे दोघेही आले होते. मुली स्टेजवर. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात, पदर डोक्यावरून घेऊन उभ्या. दुसरं कडवं आलं, पट्टी उतरली आणि ते सुरू झालं. मी वन्संकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. जुन्या ओळखीचं माणूस गर्दीतून येताना दिसावं, तशा त्या बघत होत्या. मुली थांबल्या.

वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "इथेच अप्पा उठले होते."

कोणाला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं, मुलींकडे बघत, धडा सांगावा तसं. त्या माहेरी परत आल्या तेव्हा सासूबाईंनी हट्ट करून एका म्हाताऱ्या गवईबुवांना बोलावलं होतं. पोरीचं मन रमेल, चार भजनं शिकेल. शिकवणी त्या लहान खोलीत. अप्पा दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत भिंतीपलीकडून ऐकायचे. बुवांनी भजनं संपल्यावर चीज सुरू केली. अंतऱ्यात पुढचा शब्द 'पिया' होता. बुवांनी तो म्हणून दाखवला, आता वन्संनी म्हणायचा, एवढ्यात अप्पा दारात येऊन उभे राहिले. विधवा मुलीच्या तोंडी पिया! बुवा त्याच दिवशी तंबोरा गवसणीत घालून गेले.

"तेव्हापासून नाही गायले," वन्सं म्हणाल्या. आणि त्यांनी स्टेजकडे एक पाऊल टाकलं. ओठ उघडले. मी शपथेवर सांगते, त्या आता गाणार होत्या. मुलीही त्यांच्याकडे बघत होत्या.

"ताई, आत जा," हे म्हणाले. "भाऊसाहेब आलेत. चहाचं बघ."

त्या आत गेल्या. चहासुद्धा केला. भाऊसाहेबांनी दोनदा घेतला.

मुलींनी घरी जाऊन सांगितलंच. दोन दिवसांत निम्म्या मुली यायच्या बंद झाल्या. त्या घरात काहीतरी आहे, आणि त्या बाईमुळे आहे, असं बाजारात भाजी घेताना मला लोक तोंडावर सांगू लागले. कमिटीची सभा झाली.

"माझा असल्या गोष्टींवर बिलकूल विश्वास नाही," भाऊसाहेब म्हणाले. "पण पालकांचा आहे. आणि तसंही रंगपटाला एक खोली लागणारच आहे."

"वन्सं तेव्हा ठाण्याला होत्या!" मी म्हटलं. "आणि त्यांना खोलीचा शब्द दिलाय."

"लेखी आहे का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छतातलं कौल बघत होते.

वन्संनी खोली सोडावी यावर हात वर करून मत घेतलं. विरोधात माझा एकटीचा. मी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. भाऊसाहेब म्हणाले, उद्‍घाटन होईपर्यंत स्वीकारता येणार नाही, कामं कोण करणार?

आमच्या ब्लॉकमध्ये राहायला या म्हणून मी वन्संच्या हातापाया पडले. "तुझ्याकडे आले असते गं," त्या म्हणाल्या. "पण घर माझ्या भावाचं आहे ना? एकदा त्याच्या घरातून निघाले, पुन्हा दुसऱ्यातून निघायला नको." त्यांच्या सासरचा एक पुतण्या विक्रोळीला कारखान्याच्या वसाहतीत राहतो. त्याच्याकडे एका ट्रंकेनिशी गेल्या.

त्या गेल्या त्याच दिवशीच्या तालमीत मुलींनी स्वागतगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एक सूर इकडचा तिकडे नाही. मास्तरांनी पुन्हा म्हणून घेतलं. पुन्हा बरोबर. माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला तो तेव्हा, सगळं बरोबर झालं तेव्हा.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" भाऊसाहेब म्हणाले. आणि त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता!

उद्‍घाटन झकास झालं. पाटीवरचा पडदा सरकवला, मुली गायल्या, टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की अप्पांच्या रूपानं या घरात संगीताचं बीज फार पूर्वीच पेरलं गेलं होतं. हे डोळे पुसत होते. मी मागे उभी राहून खुर्च्या पुरतात का ते बघत होते. कारण पुरल्या नाहीत तर बोलणी मलाच बसणार होती.

पुढच्या रविवारी मी विक्रोळीला गेले. पुतण्याचे दोन खोल्यांचे क्वार्टर्स, तीन मुलं, वन्संचं अंथरूण स्वयंपाकाच्या ओट्याखाली गुंडाळून ठेवलेलं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सरळच विचारलं.

"वन्सं, हे झालं कसं? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस? मी तर ठाण्याला बाळंतिणीला तेल लावत होते." त्या हसल्या. "मेल्यावर कोणी घरात घुटमळतं ते ऐकलं होतं. मी जिवंत असतानाच कशी गं तिथे राहिले?"

बापटमास्तरांचा निरोप होता, तो मी दिला. त्यांनी दादरच्या एका वृद्ध गवयांकडून ती चीज शोधून काढली होती. पूर्ण. ते दर रविवारी विक्रोळीला येऊन शिकवायला तयार होते, बिदागी न घेता. मला वाटलं होतं, वन्संना आनंद होईल.

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मास्तरांना म्हणावं, राहू दे. चीज मला येते, शालिनी. अंतरासुद्धा येतो, बुवांनी पुढचं एकदा म्हणून दाखवलं होतं. इतकी वर्षं भांडी घासताना मनातल्या मनात म्हणतच होते की. तो शब्द मला त्या घरात मोठ्यानं म्हणायचा होता. इथे कोणासाठी म्हणू? इथे मला कोणी अडवलेलंच नाही."

मी परत आले. केंद्र उत्तम चाललं आहे. नाचाच्या वर्गाला जागा पुरत नाही, आणि मागच्या खोलीत मुकुट आणि दाढ्या ठेवतात. हॉलमध्ये त्यानंतर कधीही कोणाची पट्टी उतरलेली नाही. शिकवलेलंच नाही ते गाणं त्या मुलींच्या गळ्यात कुठून आलं, आणि वन्संनी उंबरा ओलांडल्याबरोबर का गेलं, हे मला सांगता येत नाही. मास्तरांना येत नाही, डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही येत नाही. वाचकांपैकी कोणाला कारण सुचलं तर जरूर कळवावं. ह्यांना मी विचारलं होतं. हे म्हणाले, "मला तर तेव्हाही काही वेगळं ऐकू आलं नव्हतं."