दिवेलागणीचं दार

मंडळी, आज इथे इंग्लंडात, आमच्या रीडिंग गावात, तापमान उणे सहा होतं. चारलाच अंधारून आलं, आणि बाबांनी घराचं दार सताड उघडलं.

"आजोबा, हीटिंग ऑन आहे!" माझी लेक ओरडली. मी दार लावलं.

दिवेलागणीला लक्ष्मी येते म्हणून नागपूरला आई रोज दार उघडं ठेवायची. बाबा तिची थट्टा करायचे. दिवाळीनंतर आई गेली आणि मी बाबांना इकडे आणलं.

"बाबा, तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात?"

"मानत नाही रे. पण या वेळेला दार बंद असलं, की ती गेली हे खरं वाटायला लागतं."

मग आम्ही तिघंही कोट घालून उघड्या दारात उभे राहिलो. शेजारीण कुत्र्याला फिरवता फिरवता थांबली. "कुणी यायचंय का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?