वाकून नमस्कार

साउथहॅम्प्टनच्या कोर्टात मी ज्युरीवर होते. खटला बलात्काराचा, आणि त्या बाईनं तक्रार कितीतरी वर्षांनी केलेली. ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते सांगायला कायद्यानं बंदी आहे. पण जज भर कोर्टात आम्हाला म्हणाले ते सांगते: उशीर झाला म्हणून तक्रार खोटी असं धरून चालू नका, खरी असंही नाही. कुणी लगेच सांगतं, कुणाला शरमेनं, भीतीनं वर्षानुवर्षं सांगता येत नाही.

माझ्या लेकीनं पंचविशीत मला इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी लहानपणी तिच्याशी काय केलं ते सांगितलं होतं. त्यावर माझा पहिला प्रश्न काय, तर "मग तेव्हाच का नाही बोललीस?" मोठी शहाणी मी! ती उठून गेली.

कोर्टातून घरी ड्राइव्ह करताना आठवलं. ती अकरा वर्षांची होती. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर सगळ्या मोठ्यांच्या पाया पडली, पण त्या काकांपुढे ताठ उभी राहिली. चारचौघांत शोभा नको, म्हणून मीच तिची मान धरून तिला वाकवलं.

तिनं तेव्हाच सांगितलं होतं.