गूळ मांडीवरच होता

मूर्तिजापूर मागे पडलं आणि गजाचं रडणं थांबलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. मग हात लावला तर अंग गार, कपाळावर घाम, डोळे वर गेलेले. एक हात झटके देत होता. दीड वर्षाचं पोर.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढचा उन्हाळा होता. रिद्धपूरच्या बाजूचं गाव सोडून आम्ही अकोल्याला निघालो होतो. यांना तिथं तेलाच्या गिरणीत काम लागलं होतं. थोरली कमळ, पाच वर्षांची, सासूबाईंजवळ ठेवली. गजाला तीन दिवस ताप होता. सासूबाई म्हणाल्या, "तापाले उपाशी मारा लागते. पान्याबिगर काई देजो नोको." आमच्याकडे तापात लंघन सगळेच करायचे. बैलगाडीत त्यानं भाकरीसाठी हात पसरले, तेव्हा मी त्याचं तोंड पदरानं झाकलं.

रेल्वेच्या डब्यात समोर एक नर्सबाई होती. ती उठून आली. पोराच्या पापण्या उघडून पाहिल्या.

"खाऊ काय घातलं याले?"

"तीन दिवस लंघन हाय."

"लंघन तुमी करा ना बाई, अंगानं भरल्या हा. ताप म्हंजे अंगातली चूल मोठी झाली, अन् तुमी लाकडंच काढून घेतली. गूळ-साखर हाय का जवळ?"

मी नाही म्हटलं.

गूळ माझ्या मांडीवरच होता. नव्या घरात मीठ-गूळ घेऊन शिरायचं आणि उंबरा ओलांडेपर्यंत त्याची गाठ सोडायची नाही, अशी आमची रीत. गाठ सुटली तर घर लाभणार नाही. पोर हातात मरत होतं आणि मी घराला भीत होते.

"हाय ना वं तुह्या मांडीवर," हे ओरडले आणि पुरचुंडी ओढून घेतली.

नर्सबाईनं गजाला कुशीवर धरलं. गूळ पाण्यात भिजवून बोटानं गालाच्या आतून लावला, थोडा थोडा. झटके थांबले. अकोला येता येता तो रडला. ती बाई आम्हाला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेली. तिथं शिरेतून साखरेचं पाणी दिलं.

जुन्या शहरात खोली मिळाली, मोर्णा नदीच्या अलीकडच्या बोळात. पहिला महिनाभर मी रोज पहाटे गजाच्या पायाला हात लावून पाहायची, गार आहे का.

नात आता कॉलेजात शिकवते. ती सांगते, प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, खाल्लेलं त्यांच्यात जळतं तेव्हा ताकद निघते. तापात ही मागणी वाढते. खायला नसलं की पेशी आपली कामं आवरतात, साठवलेली साखर संपली की चरबीवर येतात. पण लेकराजवळ साठा थोडाच, आणि मेंदूचं नुसत्या चरबीवर भागत नाही. मी म्हटलं, मले हे तवा कोन सांगनार होतं? पण ते खोटं होतं. नर्सबाईनं सांगितलं होतं.

चौथी शिकले होते, पत्र लिहिता येत होतं. गावी लिहिलं, सुखरूप पोचलो. लंघन मोडलं, गुळाची गाठ वाटेत सोडली, हे नाही लिहिलं. सासूबाई काय म्हणतील याची भीती. कमळला ताप आला तर उपाशी ठेवू नका, हेही मग लिहिता आलं नाही.

श्रावणात तिला ताप आला. सासूबाईंनी आठ दिवस पाण्यावर ठेवली. ताप कोणता होता कळलं नाही. उपासानंच गेली असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही.

गावाकडचे विचारतात, तुमचं घर कोणतं, तिकडचं की अकोल्याचं? गावच्या घरात मी अजून जेवू शकत नाही. म्हणून अकोला म्हणते.

गजा जगला. कमळ नाही.