एक मोरी पाहिजे

आमच्या चंदीगडच्या घराची डागडुजी करणारे लायसनवाले ठेकेदार कधीच 'नाही' म्हणत नाहीत. काहीही सांगा, मान डोलावून म्हणणार, "हो गया समझो जी." मलाही कुणाला नाही म्हणवत नाही, म्हणून ते मला आवडतात आणि त्यांची धास्तीही वाटते.

बायकोला स्वयंपाकघरामागे भांडी घासायला मोरी हवी होती. मी त्यांना म्हणालो, "इधर एक मोरी चाहिए."

"किन्नी वड्डी जी?"

"मॅडम आराम से बैठ सके, इतनी."

ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. पण शंका विचारणं त्यांच्या स्वभावात नाही. संध्याकाळी मागच्या भिंतीत कडा गुळगुळीत केलेलं सुबक भगदाड होतं. पंजाबीत मोरी म्हणजे भोक!

बायको भडकली. ठेकेदारांनी हात जोडले. "गलती मेरी है जी. मैंने गलत सुना."

संसारातले असे बरेच दोष मी गुपचूप दुसऱ्यांच्या नावावर जाऊ दिले आहेत. या वेळी मात्र राहवलं नाही. "अगं, त्यांनी बरोबर ऐकलं. मीच मोरी म्हणालो होतो."

"मग आता माझी मोरी कुठंय?" ती ओरडली.

ठेकेदारांना त्यातला एकच शब्द कळला.

"इक और जी?" म्हणत त्यांनी छिन्नी उचलली.